पूजेत मधे बोलणारी

माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस नापास होऊनच बाहेर पडतो. चाचणीच तशी असते. तीन आकडे उलटे म्हणून दाखवले की चार, चार जमले की पाच, आणि जिथं माणूस अडखळतो तिथंच मी थांबते. हुशार माणूस जरा उशिरा अडखळतो, एवढाच काय तो फरक. जालना रोडवरच्या एका रुग्णालयात, लिफ्टशेजारच्या अरुंद खोलीत बसून मी पंचवीसेक वर्षं हेच करते आहे. दारावर ‘न्यूरोसायकॉलॉजी’ अशी पाटी आहे. ती वाचताना सगळ्यांचीच जीभ अडखळते, म्हणून आमच्या वॉर्डातल्या मावशी सरळ सांगतात, “डोकं बघणाऱ्या मॅडमकडं जा, त्या तिकडं.”

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून गमतीचे किस्से हवे आहेत. तेही आहेत. शंभरातून सात वजा करत जा, असं एका आजोबांना सांगितलं तर त्यांनी मलाच विचारलं, “कामून? कोण मागायलंय सात?” छावणीतल्या एका निवृत्त सुभेदारांना मी आजचा वार विचारला, तर म्हणाले, “निवृत्त माणसाला वार विचारू नका, रोज रविवार.” उत्तर असं झोकात दिलं की मी हसले, आणि त्यांना वार ठाऊक नव्हता हे मला पुढचा प्रश्न विचारताना कळलं. माणसं विनोदाआड लपतात, रागाआड लपतात, बायकोआड तर फारच लपतात. प्रश्न नवऱ्याला, उत्तर बायकोचं. म्हणून नातेवाइकांना आधी बाहेर बसवायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

दुसरा नियम त्याहून कडक. सुचवायचं नाही. समोरचा माणूस एका शब्दासाठी तडफडत असला, शब्द त्याच्या अगदी ओठावर आलेला दिसत असला, तरी आपण गप्प बसायचं. मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही. सुचवलं की चाचणी वाया गेली. हा नियम मी कधी मोडला नव्हता, आणि याचा मला अभिमान होता.

विसरण्याचा आजार म्हटलं की लोकांना म्हातारी माणसं आठवतात. माझ्याकडे तरणीताठी माणसंही येतात. आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते, ती काहींच्या बाबतीत बिथरते आणि स्वतःच्याच मेंदूवर चाल करून जाते. मेंदूतल्या तारांवर वायरला असतं तसं एक वेष्टण असतं. ते ठिकठिकाणी सुजतं, झिजतं. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसतात. मल्टिपल स्क्लेरोसिस हा त्यातला एक आजार. कुणाचा डोळा अंधुक होतो, कुणाच्या पायाला मुंग्या येतात, महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटतं आणि घरचे देवापुढे पेढे ठेवतात. पण आत ते धुमसतच असतं. बुद्धी जात नाही, ती मंदावते. एका वेळी दोन गोष्टी धरता येत नाहीत. आणि हे इतकं हलकं असतं की घरात त्याला आळस म्हणतात, ऑफिसात कामचुकारपणा म्हणतात.

वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डिंग तपासणारा एक जण आला होता. शिफ्टच्या शेवटी त्याच्या हातून सदोष माल पुढं जायचा. फोरमनला वाटलं, पितो. बायको रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायची. तो वर्षभर काही बोलला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “दारुड्या म्हनलेलं चालतं मॅडम. येडा म्हनलेलं नाय चालत.” ज्याची लाज वाटते ते माणूस सांगत नाही, आणि माझं सगळं निदान नेमकं त्याच्यावर उभं असतं.

आता मुकुंदगुरुजींबद्दल लिहिते. नावं सगळी बदलली आहेत. गुरुजींना लिहू का म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, “लिहा. पण उपरण्याचं नीट लिहा, लोक चुकीचं लिहितात.”

गुरुजी औरंगपुऱ्यात राहतात, वय चाळिशीच्या आसपास. पूजा, वास्तुशांती, मुंजी, श्राद्धं, सगळं करतात. स्कूटरवर पुढं पिशवी, मागं पळीपंचपात्राचा डबा. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक डोळा अंधुक झाला आणि परत आला, मग पाय बधिरला. निदान झालं, साधी इंजेक्शनं सुरू झाली. पुढच्या एमआरआयमध्ये नवा डाग दिसला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. प्रश्न सरळ होता. विचारशक्तीला धक्का बसला असेल तर आजार आत धुमसतो आहे, मग सलाईनमधून द्यायचं जबर औषध सुरू करायचं. त्याचे धोके जबर, जंतुसंसर्गाची भीती कायमची. धक्का बसला नसेल तर उगाच ते विष कशाला द्यायचं?

सोबत त्यांच्या पत्नी अंजली होत्या. त्या म्हणाल्या, “डोकं मात्र तल्लख आहे हो यांचं. हजारो श्लोक पाठ आहेत.” गुरुजी फरशीकडे बघत होते.

मी अंजलींना बाहेर बसवलं आणि पंधरा शब्दांची यादी वाचली. नारळ, खिडकी, कापूस, अशी. पहिल्याच खेपेला गुरुजींनी ती ओळीनं म्हणून दाखवली, आणि मी न सांगता उलटीही म्हटली. अर्ध्या तासानं विचारलं तर तशीच्या तशी. लहानपणापासून पाठशाळेत जो माणूस शब्द सुलटे, उलटे, फिरवून घोकत आला, त्याला माझी यादी म्हणजे हाताचा मळ. चिन्हांसमोर आकडे भरण्याच्या चाचणीत मात्र ते संथ पडले. पण अधू डोळ्याचं निमित्त तिथं हजर होतं. मी विचारलं, “कामात कधी अडतं का?”

“नाही. सगळं पाठ आहे.” उत्तर फार लवकर आलं.

मी गप्प बसले. माझ्या कामात गप्प बसण्याचाही पगार मिळतो. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “मधे कुणी बोललं की जरा…” आणि तेवढ्यात अंजली पाण्याची बाटली घेऊन आत आल्या. गुरुजींनी विषय बदलला तो बदललाच.

मला पुढचं उमजलं, कारण माझे वडीलही भिक्षुक होते. हे मी कुणाला सांगत नसे. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की मी ‘नोकरी’ सांगायची. ते नारळ-तांदळाची पिशवी घेऊन समोरून आले की मैत्रिणींसोबत रस्ता ओलांडून पलीकडे जायची. पण घरात बसल्या बसल्या कानांवर पडलेलं कुठं जातं? पाठ असलेली गोष्ट ओघात चालते, तिला डोकं लागत नाही, हे मला ठाऊक होतं. ओघ तुटल्यावर नेमक्या जागी परत यायला डोकं लागतं. आणि ती चाचणी माझ्या खोलीत नव्हती.

माणूस काम करतो तिथं जाऊन बघायचं, ही माझी जुनी खोड आहे. मी कारखान्यांत गेले आहे, शाळेच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आहे. गुरुजींना विचारलं. त्यांनी आधी दाराबाहेर अंजलींकडे बघितलं. मग म्हणाले, “या. पण मॅडम म्हणून नका येऊ. लोकांना कळलं की याच्या डोक्यात काही आहे, तर उद्या कोण बोलावणार? बहीण म्हणून या.”

चिकलठाण्याला विमानतळाच्या मागं नव्या इमारती झाल्या आहेत, तिथं वास्तुशांती होती. घर संतोषचं. तो वाळूजला नोकरीला. आई कडूबाई जालन्याकडच्या खेड्यातली, विधवा. फ्लॅटचं स्वप्न तिच्या नवऱ्याचं होतं. चावी मिळायच्या आधीच तो गेला. वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबून त्यांनी आता वास्तुशांती काढली होती, आणि ते श्राद्धही मुकुंदगुरुजींनीच केलं होतं.

“ही माझी ताई. पूजा बघायला आलीय,” गुरुजींनी सांगितलं.

“गुरुजीची बहीण म्हंजे आमची बी,” कडूबाई म्हणाली, आणि तिनं सुनेला सांगून माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी पदर पुढं केला. खोटं नातं सांगून घेतलेला तो खण अजून माझ्या कपाटात आहे, शिवायला टाकवत नाही.

पूजा सुरू झाली. त्या घराची शिस्त मोठी. कडूबाईनं सगळ्यांचे फोन बंद करून फ्रीजवर ठेवले होते, पोरांना शेजारी धाडलं होतं. कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. वरून विमान गेलं तेवढाच काय तो आवाज. गुरुजींचं म्हणणं स्वच्छ, खणखणीत. मला वडिलांचा आवाज आठवत राहिला. गणपती झाला, पुण्याहवाचन झालं, नांदीश्राद्ध आलं.

हे जरा सांगायला हवं. नावात श्राद्ध असलं तरी हा मंगल विधी आहे. शुभकार्याआधी घरच्या पितरांना बोलवायचं, त्यांचा आशीर्वाद घ्यायचा. इथं उपरणं नेहमीसारखं डाव्या खांद्यावरच राहतं. मेलेल्या माणसाच्या श्राद्धात मात्र ते उजव्या खांद्यावर घेतात, त्याला अपसव्य म्हणतात, आणि तीळही त्याच श्राद्धात लागतात. दोन्ही विधींची वाट काही अंतर बरोबर चालते आणि मग फुटते.

मी घड्याळाकडे पाहिलं. एकदा होम पेटला की धुरात आणि गडबडीत मला काहीच कळणार नव्हतं. रजा टाकून आले होते. कुणीच मधे बोलेना. मग मी बोलले. नेमकी जागा बघून, अगदी सहज आवाजात.

“गुरुजी, दुर्वा पुरतील ना?”

“पुरतील, ताई,” ते हसून म्हणाले. मग थांबले. पळी हातात तशीच राहिली. आणि पुन्हा आवाज सुरू झाला, तसाच खणखणीत, जराही न कचरता.

“अपसव्य करा.”

संतोषनं आज्ञाधारकपणे उपरणं डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेतलं. गुरुजींचा हात ताटात तीळ शोधायला गेला. तीळ नव्हतेच. ते चाचपत राहिले.

“गुरुजी,” कडूबाई म्हणाली, “आसं तर मालकाच्या वर्षश्राद्धाला केलतं.”

सुनेनं नवऱ्याच्या हाताला लावलेलं बोट काढून घेतलं. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी कडूबाईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “उपरणं परत डाव्या खांद्यावर घ्या,” आणि पुढचं सगळं पार पाडलं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली, ते लिहायची लाज वाटते. सापडलं, असं आलं. चाचणीत जे दिसत नव्हतं ते दिसलं, याचा मला आनंद झाला होता. लोकांच्या नव्या घरात, देवासमोर, पदरात त्यांचा नारळ घेऊन मी खूश झाले होते.

खाली पार्किंगमध्ये गुरुजींनी डबा स्कूटरला बांधला. पुन्हा सोडला, पुन्हा बांधला.

“तुम्ही मुद्दाम विचारलंत.”

“हो.”

“बघायला येते म्हणालात. पाडायला येते नाही म्हणालात.”

मी म्हटलं, “यानं तुमचं औषध ठरेल, गुरुजी. हे कळलं नसतं तर…”

“ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “तुमच्या खोलीत हवं तेवढं नापास करायचं होतंत मला. हे घर माझ्या भरवशावर बसलं होतं.” मग स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, “पहिल्यांदा नाही झालं हे. एका लग्नात सप्तपदीचं एक पाऊल राहिलं होतं. कुणाला कळलं नाही. रात्रभर मला झोप नाही. अंजलीला पण सांगितलं नाही. आज कळलं लोकांना.” आणि ते गेले.

मी अहवाल लिहिला. चांगला लिहिला, आजवर लिहिलेल्या उत्तम अहवालांपैकी एक. डॉक्टरांनी औषध बदललं. डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळे वेळेत कळलं. मी थँक यू म्हटलं. हे औषध गेलेलं परत आणत नाही, राहिलेलं राखतं. गुरुजींचं पुष्कळ राहिलं आहे, आणि ते राखलं गेलं आहे, हे खरं. तरी कडूबाईचं घर माझ्या डोक्यातून जाईना. गुरुजींच्या आजारावर उपाय झाला होता. त्या घराचं काय, हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

सलाईनचा दुसरा डोस झाल्यावर गुरुजी माझ्या खोलीत आले, न बोलावता. “कडूबाई मावशींकडं जायलोय. जे झालं ते सांगणार आहे. तुम्ही याल?” मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून हो आलं.

कडूबाईनं चहा केला. गुरुजींनी कप खाली ठेवला आणि सांगितलं. मेंदूला सूज येण्याचा आजार आहे, औषध चालू आहे, त्या दिवशी मी विधी चुकलो, तेवढा पुन्हा करून देतो. माझं नाव त्यांनी काढलं नाही.

कडूबाईनं खाली ठेवलेला कप परत त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, “मला लई भ्याव वाटायचं, गुरुजी. नातीला ताप आला की वाटायचं, आपण मेल्याचं करून ह्या घरात शिरलो. कुणाला सांगू? संतोष हसतोय मला. देवापुढं दिवा लावताना रोज त्याच जागेला नजर जाती.”

गुरुजींनी मान खाली घातली. मीही घातली. चार महिने एक म्हातारी स्वतःच्याच घरात घाबरून राहिली होती, आणि त्या भीतीचं कारण तिच्या हातचा चहा पीत होतं.

मग ती माझ्याकडे वळली. “अन् तुम्ही हो बाई. बहीण ना त्यांची? भाऊ आजारी हाय म्हाईत व्हतं ना? मंग पूजेत मधीच कामून हटकलं त्यांला? दुर्वाचं मी बघत नव्हते व्हय?”

मला सगळं सांगता आलं असतं. मी बहीण नाही, माझा तो पेशा आहे, त्यातून त्यांचं भलंच झालं. त्यातलं एकही वाक्य तिच्यासमोर बोलायच्या लायकीचं नव्हतं.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“राहू द्या मावशी,” गुरुजी म्हणाले. “ताईला विचारायची सवय आहे.”

पुढच्या आठवड्यात विधी ठरला. गुरुजी आता पोथी उघडी ठेवतात, ओळीवर बोट ठेवून म्हणतात. सुरुवातीलाच सांगतात, मला मधे कुणी बोलू नका, माझी वाट चुकते. पहिल्यांदा हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता, असं अंजली म्हणाल्या. त्या दिवशी माझ्यासमोर सांगितलं तेव्हा मात्र साधं सांगितलं. कडूबाईनं फोन गोळा केले आणि मला उंबऱ्याशी पाट मांडून दिला. “हिथं बसा. कुणाला आत येऊ दिऊ नका, अन् कुणाला बोलू दिऊ नका. तुम्ही बी.”

मी बसले. इस्त्रीवाला आला, त्याला खुणेनं परत पाठवलं. शेजारचं पोर आलं, त्याला जिन्यात बसवलं. आत संतोष पाटावर, उपरणं डाव्या खांद्यावर. गणपती झाला, पुण्याहवाचन झालं. कुणी बोललं नाही, बेल वाजली नाही, विमानसुद्धा गेलं नाही.

आणि तरी गुरुजी थांबले. त्याच जागी. बोट ओळीवर होतं, पण नजर पुढं सरकत नव्हती. ते भिऊन थांबले आहेत, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. कडूबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. संतोषचा हात नकळत उपरण्याकडे गेला.

पुढचा शब्द मला येत होता. जो शब्द येतो हे मी शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं, तो. माझ्या खोलीत असते तर घड्याळ चालू ठेवून मी चेहरा कोरा केला असता. सुचवायचं नाही.

“नांदीमुख,” मी उंबऱ्यावरून म्हटलं.

गुरुजींनी वळून पाहिलं नाही. तो शब्द उचलला आणि पुढं निघाले, संतोषच्या वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं, पणजोबांचं. आवाज पुन्हा लागला. शेवटच्या अक्षता पडेपर्यंत तो कुठं अडला नाही.

सगळं झाल्यावर कडूबाईनं विचारलं, “मधी ही काय बोलली?”

“नांदीमुख,” गुरुजी म्हणाले. “म्हणजे आनंदी चेहऱ्याचे पितर. या विधीला तेच येतात, मावशी. मालकही तसेच आले.”

कडूबाईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. “मंग बोललात ते बरं केलं,” ती म्हणाली. “पण अजून परसाद वाटायचाय. दार सोडू नका.”

मी दार सोडलं नाही.